चालती फियाट डिलाइट घेतली, ६३ डब्यांत विकली

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी जी गाडी विकली ती चालू नव्हती. बॉडीला चाकं लावलेली होती, म्हणून ढकलता येत होती, एवढंच. इंजिन बांधून लाकडी घोडीवर ठेवलेलं. बाकीची सगळी गाडी श्रीखंडाच्या आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यांत, एकूण ६३ डबे. गाडी १९६७ची फियाट ११०० डिलाइट. जानेवारी २०१९मध्ये घेतली, जवळजवळ सहा वर्षं सांभाळली आणि पुरी न करता विकली. ही गाडी प्रोजेक्ट म्हणून कशी आहे आणि अर्धवट अवस्थेत विकायला कशी आहे, दोन्ही लिहिते. ताडपत्रीखाली गाडी झाकून बसलेली माणसं माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

माझा कोल्हापुरात लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचा छोटा प्रेस आहे. मेकॅनिक मी नाही. पण मशीन उघडायची, साफ करायची, परत लावायची सवय हाताला आहे. ड्रायव्हिंग शिकले मामांच्या पद्मिनीवर, हँडल गिअरची, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा फियाटशिवाय दुसरं नाव डोक्यात आलं नाही.

प्रोजेक्ट म्हणून डिलाइटची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिचं लांबलचक आयुष्य. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ला डिलाइट आली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली, १९७४पासून पद्मिनी, आणि पद्मिनी २०००च्या आसपासपर्यंत निघत होती. नावं बदलली, ग्रिल बदललं, पण खालचा सांगाडा आणि १०८९ सीसीचं इंजिन मुळात तेच राहिलं. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्याच इंजिनावर धावल्या. म्हणून ब्रेक शू, व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, गॅस्केट सेट, वॉटर पंप हे सगळं आजही मिळतं. मी पुण्याच्या नाना पेठेतून निम्मं सामान आणलं, काही कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून. गाडी साठ वर्षांची होत आली तरी ब्रेकच्या सामानासाठी परदेशात हात पसरावे लागत नाहीत.

इंजिनसुद्धा समजायला सोपं. चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, एक सोलेक्स कार्बोरेटर, वीज बनवायला डायनॅमो. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते आणि प्रत्येक वस्तूला पाना लागतो. दुखणं असतं ते हेडचं. वर्षानुवर्षं साधं पाणी घालून चालवलेल्या गाडीत पाण्याच्या वाटांभोवती अॅल्युमिनियम खाल्लं जातं. माझ्या हेडला उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, भराव घालून फेस मारून घ्यावा लागला. ब्लॉक बोअर केला, मोठ्या मापाचे (ओव्हरसाइझ) पिस्टन बसवले, क्रँक ग्राइंड केला. सगळं मिळून ५२,००० रुपये. कोल्हापुरात राहण्याचा मोठा फायदा हाच. असली कामं करणारे हात इथं पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि काम चोख होतं. इंजिन घोडीवर ठेवून, पेट्रोलची बाटली वर टांगून, होजने पाणी सोडून चालू केलं तेव्हा मिस्त्रींनी थरथर पाहायला एक रुपयाचं नाणं हेडच्या कव्हरवर ठेवलं. ते बराच वेळ जागेवर राहिलं. मी त्याचा व्हिडिओ काढला. पुढे त्या व्हिडिओने गाडी विकायला फार मदत केली.

जिथं गाडी साथ देत नाही ती जागा पत्र्याची. फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे दाराखालची पट्टी कुजली तर नुसती शोभा जात नाही, गाडीची कंबर जाते. माझ्या गाडीच्या दोन्ही पट्ट्या आतून पोकळ झाल्या होत्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला की आत जायचा. डिकीत स्टेपनीची जागा चाळणीसारखी. वरून मात्र चकचकीत पांढरा रंग, कारण आधीच्या कोणीतरी सगळीकडे लांबी (पुट्टी) भरून ठेवली होती. लांबीवर चुंबक चिकटत नाही, पण घेताना मी चुंबक नेलं नव्हतं. पत्र्याच्या कामाला १,२८,००० रुपये गेले, आणि तेही पूर्ण झालं नाही. मागच्या डाव्या चाकावरची कमान तशीच राहिली.

दुसरी अडचण खास डिलाइटची. मशिनरी पद्मिनीची चालते, पण अंगावरचे दागिने चालत नाहीत. डिलाइटचं ग्रिल, बॉनेटवरची पट्टी, डॅशबोर्डवरचे बारीकसारीक तुकडे, मूळ अक्षरं, हे हरवलं तर गाडी उभी राहते आणि वर्षभर उभीच राहते. माझ्याकडे हे सगळं शाबूत होतं, हे माझं नशीब. पुढचा बंपर एका प्लेटिंगवाल्याकडे दिला. जुन्या बंपरचे खड्डे घासून, आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असं व्हायला हवं. चौदा महिन्यांनी बंपर परत आला तो थेट वर क्रोम मारून, खड्डे जसेच्या तसे. १४,००० रुपये अॅडव्हान्स आधीच दिलेले होते. त्या दिवशी मी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ घरी आले.

आणि एक चूक पूर्णपणे माझी. पत्रा झाल्यावर बॉडीला रेड ऑक्साइड प्रायमर मारून ठेवला आणि वाटलं, आता सुरक्षित आहे. प्रायमर पाणी अडवत नाही, तो सच्छिद्र असतो, वर रंग यायचा म्हणून तो असतो. आमच्याकडचे दोन पावसाळे भाड्याच्या शेडमध्ये नुसत्या प्रायमरवर काढले, आणि नव्या पत्र्यावर खालून तांबूस ठिपके उठले. कोणी अर्धवट थांबणार असाल तर प्रायमरवर स्वस्तातला का होईना, एक हात रंग मारून मग थांबा.

मी थांबले कारण शेडमालकांनी जागा विकली. दोन महिन्यांची मुदत दिली, माणूस सज्जन. पण त्याच वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि प्रेसमध्ये नवीन कटिंग मशीन घ्यावं लागलं होतं. दुसरी शेड, रंग, वायरिंग, कुशन, काचांची रबरं, टायर... बेरीज केली. बेरीज करायला मी इतकी वर्षं टाळत होते.

पहिल्यांदा गाडी एका एजंटाकडे दिली. जुन्या गाड्या विकून देतो म्हणणारा माणूस, नाव लिहीत नाही. फोटो आणि जाहिरात यांचे ५,००० आधी घेतले. जाहिरातीत लिहिलं, ‘९० टक्के काम पूर्ण, फक्त जोडणी बाकी’. किंमत ३,५०,०००. मी म्हटलं, अहो, जोडणी म्हणजेच तर काम. ते म्हणाले, मॅडम, लोक आले की बघू. लोक आले. नाशिकहून एक गृहस्थ रात्रभर गाडी चालवून सकाळी शेडवर पोचले. बॉडी पाहिली, डबे पाहिले, माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘ताई, फोनवर खरं सांगितलं असतं तर मी कदाचित घेतलीही असती.’ मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी त्यांना चहा-पोहे केले आणि त्याच दिवशी एजंटाला गाडी काढून घेतल्याचं कळवलं. ही सेवा मी कुणालाच सुचवणार नाही. चालत्या, कागदपत्रं नीट असलेल्या गाडीला मध्यस्थ ठीक असेल. अर्धवट गाडीबद्दल जे सांगायला लागतं ते फक्त ती खोलणाऱ्यालाच माहीत असतं.

मग स्वतःच जाहिरात टाकली आणि फोन सुरू झाले. त्यातले तीन फोन सांगण्यासारखे आहेत.

एकाला गाडी नको होती, फक्त आरसी बुक आणि चेसिस नंबरची पट्टी हवी होती. ४०,००० देतो म्हणाला. याचा अर्थ कुठल्यातरी बिनकागदाच्या गाडीवर माझ्या गाडीचा नंबर चढणार. हा सरळ गुन्हा आहे, आणि उद्या पोलीस आले तर रेकॉर्डवर नाव माझं. फोन ठेवला. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला असा एक फोन येतो असं नंतर कळलं. जाहिरातीत नंबर प्लेट आणि चेसिस नंबर स्पष्ट दिसतील असे फोटो टाकू नका.

दुसरा लग्नात गाड्या भाड्याने देणारा. त्याला छत कापून उघडी गाडी करायची होती, नवरा-नवरी उभे राहतील अशी. पैसे चांगले देत होता. मी त्याला सांगितलं की बॉडीच चेसिस असलेल्या गाडीचं छत कापलं की ती मधून वाकते, दारं लागत नाहीत. शिवाय ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१मध्ये केंद्राने जे नियम आणले, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते आणि व्यावसायिक वापर चालत नाही. त्याला नियमाशी देणंघेणं नव्हतं. मला होतं. पण खरं कारण नियम नव्हता. त्या छताच्या कडेची गटारपट्टी मी स्वतः तीन रविवार घासून काढली होती.

तिसऱ्याला नुसतं ग्रिल, मागच्या दिव्यांच्या काचा आणि बॉनेटवरची पट्टी हवी होती. तीन वस्तूंचे २५,००० म्हणाला, आणि या फोनने मला दोन रात्री जागवलं. हिशेबाने पाहिलं तर गाडी सुटी करून विकण्यात जास्त पैसे होते. एका भंगारवाल्याला विचारलं तर अख्खी गाडी मूळची ९०० किलोच्या आसपास, त्यातलं निम्मं सामान काढलेलं, म्हणजे उरलेल्या पत्र्याला किलोच्या भावाने काय येणार ते समजलंच. दागिने वेगळे, इंजिन वेगळं, पत्रा वेगळा. पण दागिने गेलेली डिलाइट पुन्हा कधीच कुणी पुरी करू शकणार नाही. नाही म्हणून टाकलं.

तेव्हा जाहिरात मी नव्याने लिहिली, आणि इथून गोष्टी बदलल्या. आधी काय नाही ते लिहिलं. कमानीचं काम बाकी. प्रायमरखाली गंजाचे ठिपके. बंपर बिघडवलेला. वायरिंग नाही. कुशन नाही. टायर वापरू नयेत, फक्त ढकलण्यापुरते. पासिंगची (आरटीओ नोंदणीची) मुदत २०२१ला संपलेली. मग काय आहे ते: इंजिनचा व्हिडिओ, उद्यमनगरची बिलं, किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे) आणि चारही ब्रेक नवे, सगळे दागिने मूळचे. आणि शेवटी ६३ डब्यांचा एक फोटो.

डब्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गाडी त्यांनी विकली. प्रेसमध्ये कार्डशीटच्या कापलेल्या पट्ट्या ढिगाने पडतात. गाडी खोलताना प्रत्येक डब्यावर एक पट्टी चिकटवली: नंबर, कुठून काढलं, कोणत्या तारखेला, किती बोल्ट, कुठला तुटला. त्याच नंबरने एक वही, वहीत हाताने काढलेली आकृती. काढण्याआधीचा फोटो फोनमध्ये. ही काही हुशारी नव्हती, प्रेसमधली सवय. पण घ्यायला येणाऱ्या माणसाच्या मनात पहिली भीती हीच असते की सगळं आहे का, आणि असलं तर कुठलं कुठे. अर्धवट गाडीत ही भीतीच भाव पाडते.

आठ दिवसांत इचलकरंजीहून एक मुलगा आला. यंत्रमागावरचा फिटर, तिशीचा. खिशात स्पीकरमधून काढलेलं चुंबक, फडक्यात गुंडाळलेलं. गाडीभोवती तासभर फिरला, बोलला नाही. मग मागच्या डाव्या बाजूला वाकला.

‘काकू, हितं चुंबक धरंना.’

‘लिहिलंय जाहिरातीत. ती कमान राहिली आहे.’

‘व्हय, वाचलंय. बघत हुतो तुम्ही खरं लिहिलंय का.’

तो तीनदा आला. दुसऱ्यांदा वडिलांना घेऊन, तिसऱ्यांदा वेल्डिंग करणाऱ्या मित्राला. त्याच्याकडे १९८७ची एक पद्मिनी होती, पत्रा गेलेली पण काचा, सीटची फ्रेम आणि वायरिंग चांगलं. म्हणजे माझ्याकडे जे नव्हतं त्यातलं बरंच त्याच्याकडे होतं. घेणारा कोण असावा याबद्दल माझं आता ठाम मत आहे. ज्याच्याकडे दुसरी तशीच गाडी आहे, किंवा ज्याला वेल्डिंग येतं, त्यालाच अर्धवट गाडी द्यावी. पहिल्यांदाच जुन्या गाडीच्या मोहात पडलेल्याला देऊ नये, तो दोन वर्षांनी तुमच्याच जागी उभा असेल.

मी २,१०,००० सांगितले होते. त्याने वही मागितली, पानं उलटली आणि १,५५,००० म्हणाला. वडील म्हणाले, ‘पोराचं लगीन व्हायचंय अजून, जरा बघा की.’ १,७०,०००वर ठरलं.

कागदांत मात्र चूक माझीच होती, ती सांगते. घेतली तेव्हा गाडी चालती होती आणि आरसी माझ्या नावावर झाली होती. पण २०२१ला मुदत संपली तेव्हा गाडी डब्यांत. पासिंगला न्यायची कशी? तोवर गाडी चालती ठेवून, खोलायच्या आधी नूतनीकरण करून घेतलं असतं तर पाच वर्षं मिळाली असती, आणि किंमतही. आता मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली, स्टँप पेपरवर करारात ‘गाडी चालू नाही, सुट्या भागांत आहे’ असं स्पष्ट लिहिलं, दोघांचे फोटो आणि साक्षीदारांच्या सह्या. विकल्याची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. मी चौथ्या दिवशी दिली आणि पोच घेतली. पुढे तो गाडी पुरी करून नेहमीसारखी पासिंग करून घेईल किंवा व्हिंटेज म्हणून नोंदवेल. व्हिंटेजमध्ये जुना नंबर ठेवता येतो, पण रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. त्याला गाडी जोतिबाला न्यायची आहे, तेव्हा तो पहिला रस्ता धरणार असं दिसतंय.

हिशेब असा. घेतली ८५,०००ला. पत्रा १,२८,०००, इंजिन ५२,०००, किंगपिन-ब्रेक १९,०००, तो बंपर १४,०००. झाले २,९८,०००. शेडचं भाडं महिना १,५०० प्रमाणे ७० महिने, १,०५,०००. म्हणजे एजंटाचे ५,००० सोडून ४,०३,००० घातले आणि १,७०,००० आले. पैशाच्या दृष्टीने हा तोटा आहे आणि मी तो तोटाच म्हणते. चालत्या गाडीची एकेक बाजू करत गेले असते, आधी ब्रेक, मग इंजिन, मग पत्रा, तर गाडी कधीही चालती म्हणून विकता आली असती. सगळी एकदम खोलली, तिथंच निम्मी किंमत गेली. गाडीला मात्र दोष देणार नाही. हातात पाना धरून शिकायला डिलाइटइतकी समजूतदार गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. घ्यायची असेल तर दागिने पूर्ण असलेली घ्या, इंजिन कसंही असू दे. आणि चुंबक न्या.

नेताना बॉडी टेम्पोत चढवायला सहा माणसं लागली. इंजिन वेगळ्या गाडीत, टायरवर बसवून. डबे मात्र त्याने त्या दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर स्वतः रचले, नंबराप्रमाणे, आणि वही पुढे आपल्या मांडीवर ठेवली.

परवा रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

‘काकू, ४१ नंबरच्या डब्यात दोन बुश हायत, सारखेच दिसत्यात. वहीत एकच लिहिलाय.’

मी डोळे मिटून तो डबा आठवला. आम्रखंडाचा, पिवळ्या झाकणाचा.

‘एक जुना आहे, मापाला ठेवलेला. हँडल गिअरच्या खालच्या दांडीचा. ज्याला आत ग्रीसचा डाग आहे तो जुना. नवा बसव आणि वहीत लिहून ठेव.’

‘लिवतो,’ म्हणाला, आणि मला पान उलटल्याचा आवाज ऐकू आला.